प्रवासाची शिदोरी : गॉलवेचे चार दिवस

परदेशप्रवासाचा विचार मनात आला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहतात ती राजधानीची मोठमोठी शहरे. लहान गावे आपण बहुधा आगगाडीच्या खिडकीतूनच पाहतो. परंतु अलीकडे आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांतील मुलेमुली शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त आयर्लंडात जाऊन राहिली आहेत, आणि त्यांच्या मागोमाग आईवडीलही थोड्या दिवसांसाठी तिकडे जाऊ लागले आहेत. अशा वाचकांनी त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे हे शहर अवश्य पाहावे. शहर म्हणावयाचे ते नावालाच. लोकवस्ती अवघी पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. एका बाजूस अटलांटिक महासागराचा उपसागर, दुसऱ्या बाजूस कॉरिब नावाचे विस्तीर्ण सरोवर, आणि या दोहोंना जोडणारी, लांबीने जेमतेम सहा किलोमीटर पण वेगाने मोठी खळाळती अशी कॉरिब नदी. या नदीच्या मुखाशी गॉलवे वसले आहे.

तेथे जाणारे बहुतेक प्रवासी एक गोष्ट करतात. रात्री येऊन मुक्काम टाकतात, सकाळी बसमध्ये बसून दूरचे कडे पाहावयास जातात, दुसऱ्या दिवशी आणखी कोठे जातात, आणि तिसऱ्या दिवशी परततात. गॉलवे त्यांच्यालेखी केवळ धर्मशाळा ठरते. आपण असे करू नये. आयुष्यात एकदा, तेही कष्टाने साठविलेल्या पैशातून, जो प्रवास घडतो त्यात धावपळीपेक्षा निवांतपणाच अधिक हाती लागतो. गॉलवेसाठी चार दिवस राखून ठेवावेत. दोन दिवस गावासाठी, एक बेटांसाठी व एक डोंगर-सरोवरांच्या मुलखासाठी. मात्र कोणता दिवस कशासाठी, हे घरून ठरवून जाऊ नये. तो निर्णय तेथील पावसावर सोपवावा.

केव्हा जावे, काय न्यावे

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत जितका पाऊस पडतो, त्याच्या सुमारे निम्मा पाऊस गॉलवेस पडतो; पण तो बाराही महिने वाटून पडतो. सकाळी ऊन, दहा वाजता सर, अकरा वाजता इंद्रधनुष्य आणि दुपारी पुन्हा भुरभूर, असा तेथील दिवस असतो. रिमझिम पडत असली तर तेथील माणूस तिला पाऊस म्हणतच नाही. ‘आजचा दिवस मऊ आहे’ असे म्हणतो. छत्रीचा उपयोग नाही, कारण समुद्रावरचा वारा ती उलटी करतो. डोके झाकणारी टोपी शिवलेला चांगला रेनकोट, पाणी न शिरणारे बूट, आणि एकावर एक घालता येतील असे लोकरीचे पातळ कपडे न्यावेत. भर उन्हाळ्यातही तेथील हवामान पंधरा ते वीस अंशांपलीकडे क्वचितच जाते. वयस्कर स्त्रियांनी साडी नेसावयाची असल्यास ती आखूड नेसावी, अथवा ओल्या फरशीवरून व दगडी वाटांवरून चालण्याच्या दिवशी सलवार-कुडता बरा.

मे, जून व सप्टेंबर हे महिने उत्तम. जूनमध्ये रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो, हा अनुभव आपल्याकडील माणसास नवाच. डिसेंबरात उलट दुपारी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. जुलैच्या उत्तरार्धात तेथे मोठा कलामहोत्सव भरतो व त्याला लागूनच घोड्यांच्या शर्यतींचा सप्ताह येतो. त्या काळात गाव आनंदाने फुललेले असते, पण खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्याच तर त्यांचे भाडे फार असते. ज्यांना गर्दीची हौस नाही त्यांनी ते दिवस टाळावेत.

कागदपत्रांविषयी एक सूचना महत्त्वाची आहे. आयर्लंड हे स्वतंत्र राष्ट्र आहे. ते ब्रिटनचा भाग नाही, आणि युरोपातील अनेक देशांना मिळून जो शेंगेन व्हिसा चालतो तोही तेथे चालत नाही. भारतीय पारपत्रधारकास आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो. काही ब्रिटिश व्हिसांवर ‘बी. आय. व्ही. एस.’ असा शेरा असतो. तसा व्हिसा असलेल्यास प्रथम ब्रिटनमध्ये उतरून मग आयर्लंडला जाता येते. याच संदर्भात आणखी एक गोष्ट. बेटाचा ईशान्य भाग ब्रिटनच्या अखत्यारीत आहे, परंतु मधल्या सीमेवर चौकी नाही की फाटक नाही. मुलाच्या मोटारीतून सहज फिरत आपण केव्हा पलीकडे गेलो हे कळतही नाही, आणि ब्रिटिश व्हिसा नसेल तर तो नियमभंग ठरतो.

खाऊ नेताना भगिनींनी विशेष काळजी घ्यावी. युरोपीय संघाच्या नियमानुसार बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे व दुधाचे पदार्थ बरोबर आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, घरचे साजूक तूप यांना मज्जाव. आणि ताज्या फळांपैकी बहुतेकांस सरकारी दाखला लागत असल्याने हापूसची पेटीही नको. आईने प्रेमाने केलेले तूप विमानतळावरील टोपलीत टाकावे लागावे, याहून मोठे दुःख नाही. चकली, चिवडा व कोरडे मसाले नेता येतात. नेहमीची औषधे पुरेशी न्यावीत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे कंपनीने दिलेले नाव नव्हे, तर मूळ नाव लिहून घ्यावे. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, पण तेथील बटणांची छिद्रे चौकोनी असतात. तेव्हा त्यास बसणारी पिन जवळ असावी.

गावातील दोन दिवस

गॉलवेचा विमानतळ आता प्रवासी वाहतुकीस खुला नाही. डब्लिन येथे उतरून तेथून आगगाडीने वा बसने सुमारे अडीच-तीन तासांत गॉलवेस पोहोचता येते. आगगाडीचे स्थानक गावाच्या मध्यावरच आहे. बाहेर पडताच समोर आयर चौक लागतो. या चौकातील उद्यानास अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे नाव आहे. आयरिश वंशाचे केनेडी २९ जून १९६३ रोजी येथे आले होते. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच त्यांची हत्या झाली. उपासमारीने देशोधडीस लागलेल्या कुळातील पणतू जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख होऊन परत आला, याचे त्या लोकांना किती अप्रूप वाटले असेल ते सांगावयास नको.

चौकातून निघणारा रस्ता उताराने थेट नदीमुखाशी जातो. अंतर एक किलोमीटरही नाही, आणि त्याचा बराचसा भाग केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे. वाटेत लिंच घराण्याचा दगडी वाडा लागतो. आता त्यात बँक आहे. मध्ययुगात गॉलवेचा सारा कारभार चौदा व्यापारी घराण्यांच्या हाती होता, आणि स्पेनशी त्यांचा मद्याचा मोठा व्यापार चाले. त्या घराण्यांत लिंच हे सर्वांत बलवान. त्यांच्याविषयी एक आख्यायिका तेथे सांगतात. १४९३ साली नगराध्यक्ष असलेल्या लिंचच्या मुलाने घरी पाहुणा म्हणून आलेल्या एका स्पॅनिश तरुणाचा खून केला. न्यायाने फाशीची शिक्षा झाली, पण ती अमलात आणावयास कोणी पुढे येईना. तेव्हा पित्याने स्वतःच्या हाताने मुलाला फाशी दिले. इतिहासकार ही कथा खरी मानत नाहीत. परंतु अतिथीच्या प्राणाचे मोल पुत्राच्या प्राणाहून कमी नव्हे, हा तिचा आशय आपल्याला परका वाटणार नाही.

जवळच संत निकोलसचे चर्च आहे. ते १३२० साली उभारले गेले. १४७७ च्या सुमारास कोलंबस गॉलवेस आला असता त्याने येथे प्रार्थना केली, असे परंपरेने मानतात. शनिवार असेल तर चर्चच्या कडेने भरणारा बाजार चुकवू नये. खेड्यांतून आणलेली भाजी, मध, चीज, पाव व हातची विणकामे तेथे मिळतात, आणि विकणारा माणूस स्वतः पिकविणाराच असल्याने त्याच्याशी चार शब्द बोलता येतात.

उताराच्या शेवटी ‘स्पॅनिश आर्च’ ही दगडी कमान आहे. १५८४ साली गावाच्या तटाला जोडून ती बांधली गेली. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपाने उठलेल्या लाटा येथवर आल्या व कमानीचा काही भाग ढासळला, असे सांगतात. तिच्या शेजारी नगराचे संग्रहालय आहे. त्यास प्रवेशमूल्य नाही. मात्र उघडे असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

नदीपलीकडे क्लॅडा नावाचा कोळीवाडा होता. होता म्हणावयाचे कारण, गवताने शाकारलेली त्याची जुनी घरे १९३०च्या दशकात पाडण्यात आली व त्या जागी नवी घरे झाली. हे कोळी आयरिश भाषा बोलत, स्वतःचा मुखिया निवडत व त्यास ‘राजा’ म्हणत. त्यांच्या नावाची अंगठी मात्र जगभर गेली आहे. दोन हातांनी धरलेले हृदय व त्यावर मुकुट, असा तिचा घाट असतो. हात मैत्रीचे, हृदय प्रेमाचे व मुकुट निष्ठेचा. लेकीसुनेसाठी ती घ्यावीशी वाटेल. तेव्हा आतील बाजूचा आकडा पाहावा. ३७५ म्हणजे नऊ कॅरट, ५८५ म्हणजे चौदा, ७५० म्हणजे अठरा. आपल्या बावीस कॅरटच्या सवयीने भाव लावू नये.

दुसऱ्या दिवशी नदीच्या काठाने वर जावे. जुन्या तुरुंगाच्या जागी बांधलेले मोठे दगडी कॅथीड्रल १९६५ साली पूर्ण झाले. त्याच्यासमोरील पुलावर थोडा वेळ थांबून खाली पाहावे. उन्हाळ्याच्या आरंभी समुद्रातून सरोवराकडे निघालेले सॅमन मासे प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून पाण्यात स्थिर उभे असलेले दिसतात. हे पाणी अतिशय थंड व ओढीचे असते. मुलांना काठावर मोकळे सोडू नये.

संध्याकाळी समुद्रकाठाने सॉल्टहिलकडे चालत जावे. वाटेवर ग्रॅटन रोडला एक लहानसे स्मृतिउद्यान आहे. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडात जो भीषण दुष्काळ झाला, त्यात १८४७ साली सीलिया ग्रिफिन नावाची सहा वर्षांची मुलगी गॉलवेस भुकेने मेली. तिच्या नावाने हे उद्यान आहे. त्याच दुष्काळात या बंदरांतून धान्य बाहेरही जात होते. ज्यांच्या वाडवडिलांनी दुष्काळ पाहिला आहे अशा आपल्या देशातील माणसाला तेथे वेगळे काही समजावून द्यावे लागत नाही. पुढे फिरण्याचा रस्ता संपतो तेथे एक भिंत आहे, आणि तिला पायाने हलकेच लाथ मारून मागे फिरावयाचे अशी गावाची रीत आहे. तिचे कारण विचारले तर प्रत्येक जण निराळे सांगतो. आपणही मारावी, त्याने आपण गावचे होतो.

बेटे आणि डोंगर

हवा स्वच्छ असेल तो दिवस ॲरन बेटांना द्यावा. गावाच्या पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरांवरील रॉसव्हील बंदरातून बोट सुटते व चाळीस-एक मिनिटांत सर्वांत मोठ्या बेटावर पोहोचते. समुद्र खवळलेला असेल तर बोट रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हा बेत आखू नये. बेटावर उतरताच सायकली, छोट्या बसगाड्या व टांगेही भाड्याने मिळतात. उघड्या खडकावर वाळू व समुद्रातील शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या टोपल्यांनी वाहून तेथील लोकांनी माती तयार केली, आणि वाऱ्याने ती उडू नये म्हणून दगडांच्या अगणित गडग्यांनी शेते बांधून घेतली. कोकणातील वाचकांस हे गडगे पाहून घरची आठवण येईल. कड्याच्या टोकावरील डून एंगस हा प्राचीन किल्ला पाहण्यासाठी सुमारे किलोमीटरभर चढण चढावी लागते. कड्यास कठडा मुळीच नाही. वाऱ्याच्या दिवशी काठापासून दूरच राहावे, आणि छायाचित्राच्या मोहाने कोणी मागे पाऊल टाकू नये.

उरलेला दिवस कॉनेमारा या मुलखासाठी. डोंगर, दलदलीची माळराने व काळी सरोवरे यांचा हा प्रदेश ढगाळ दिवशीच अधिक शोभतो. म्हणून पावसाची चिन्हे असतील तो दिवस यासाठी ठेवावा. गॉलवेपासून सत्तर-एक किलोमीटरांवर बॅलिनाहिंचचा वाडा आहे. तो पाहताना भारतीय माणसाचे पाऊल थबकावे असे कारण आहे. ज्यांच्या नावाने आपल्याकडील रणजी करंडक दिला जातो, ते नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांनी १९२४च्या सुमारास हा वाडा विकत घेतला, आणि १९३३ मध्ये निधन होईपर्यंत ते उन्हाळ्यात मासे गळाला लावण्यासाठी येथे येत असत. त्यांच्या घराण्यातील मुली जवळच्या कायलमोर मठातील जोगिणींच्या शाळेत शिकल्या. आता वाड्यात हॉटेल आहे, शाळा २०१० साली बंद झाली. मठ मात्र पाहावयास मिळतो.

मोहेरचे प्रसिद्ध कडे शेजारच्या क्लेअर परगण्यात आहेत. ते भव्य आहेत यात शंका नाही, पण पाचवा दिवस हाती असेल तरच तिकडे जावे.

रीतीभाती

गॉलवेच्या पश्चिमेस आयरिश भाषा अजून घराघरांत बोलली जाते. तेथील पाट्याही त्याच भाषेत असतात. प्रसाधनगृहाच्या दारावरील शब्द नीट पाहावा : ‘एफ’ या अक्षराने आरंभ होणारा शब्द पुरुषांसाठी व ‘एम’ने होणारा स्त्रियांसाठी असतो. इंग्रजीच्या अंदाजाने गेलेल्यांची फजिती ठरलेली. कोणी भेटल्यावर जो नमस्कार करतात त्याचा अर्थ ‘देव तुझा असो’ असा आहे. आपला रामरामच म्हणा ना. बसमधून उतरताना चालकाचे आभार मानण्याची तेथे पद्धत आहे, ती आपणही पाळावी.

भोजनाविषयी शाकाहारी मंडळींनी सावध असावे. न्याहारीच्या यादीतील ‘ब्लॅक पुडिंग’ हा गोड पदार्थ नव्हे, ते रक्त घालून केलेले मांसाचे सॉसेज असते. ‘व्हाइट पुडिंग’ही मांसाचेच. भाजीचे सूप मागविताना त्यात मांसाचा अर्क आहे काय, हे विचारावे; विचारल्याचा कोणी राग मानीत नाही. सोड्याचा तपकिरी पाव, लोणी व बटाटे हे कोठेही मिळतात व चांगले मिळतात. मासे खाणाऱ्यांना मात्र पर्वणीच. सप्टेंबरपासून कालवांचा हंगाम सुरू होतो.

संध्याकाळी पबमध्ये जाण्यास आपली मंडळी संकोचतात. परंतु तेथील पब हा गावाचा दिवाणखाना आहे. मद्य न घेता चहा वा लिंबाचे सरबत घेऊन बसले तरी चालते. मोठ्यांबरोबर मुलांनाही रात्री नऊपर्यंत, व उन्हाळ्यात दहापर्यंत, बसता येते. धूम्रपानास २००४ पासून बंदी आहे. एका टेबलाभोवती पाच-सात जण सारंगी, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन बसतात व वाजवू लागतात. ते व्यासपीठावरचे गायन नसते. तेव्हा त्यांच्या खुर्च्यांवर बसू नये, मध्येच फर्माईश करू नये. आपल्याकडे भजनाच्या फडात पाहुणा जसा कडेला बसून ऐकतो, तसे ऐकावे.

दोन स्मृती

या गावाचे व आपले नाते दोन दुःखांनीही जोडलेले आहे, आणि ते ठाऊक असल्यावाचून तेथून परतू नये.

गावाच्या पूर्वेस रेनमोर येथे लष्करी तळ आहे. ब्रिटिश अमदानीत तेथे कॉनॉट रेंजर्स या पलटणीचे ठाणे होते. जून १९२० मध्ये याच पलटणीच्या जालंदर येथील आयरिश शिपायांनी, आपल्या मायदेशात ब्रिटिश सैन्य करीत असलेल्या अत्याचारांच्या निषेधार्थ, शस्त्रे खाली ठेवली. बंडाचे लोण सोलनपर्यंत गेले. त्यांपैकी जेम्स डेली यास २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशई येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्याची अस्थी १९७० मध्ये मायदेशी नेण्यात आली, तोपर्यंत तो हिमाचलाच्याच मातीत विसावला होता.

दुसरी स्मृती अगदी जवळची. बेळगावची कन्या, एकतीस वर्षांची दंतवैद्य सविता हलप्पनवार, हिचे २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेस निधन झाले. गर्भपात होऊ लागला असताना तिने व पतीने वारंवार विनविले, तरी त्या वेळच्या कायद्याच्या सावटाखाली तिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, आणि जंतुदोषाने तिचा अंत झाला. त्या मृत्यूने सारा देश हलला. २५ मे २०१८ रोजी तेथील जनतेने सार्वमताने आपली घटना बदलली. दोनतृतीयांश मते बदलाच्या बाजूने पडली. अनोळखी आयरिश माणसांनी तिची चित्रे भिंतींवर रंगविली व त्यांखाली फुले ठेवली. परक्या मुलीच्या मृत्यूची लाज वाटून आपला कायदा बदलणारा समाज कसा असेल, हे ज्यांची लेक वा सून आज तेथे राहते अशा वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. तिचे नाव घेऊन कोणाशी बोलण्याचा प्रसंग आला तर टाळू नये. ऐकणारा बहुधा आपल्या आधी गप्प होईल.

आयरिश भाषेत पाहुण्याचे स्वागत करताना एक वाक्य म्हणतात. त्याचा अर्थ ‘शंभर हजार स्वागते’, म्हणजे आपल्या हिशेबाने एक लक्ष. दुकानांच्या दारांवर ते छापलेले दिसेल. पण त्याचा खरा अनुभव यावयास थांबावे लागते, पावसात एखाद्या आडोशाला उभे राहावे लागते, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ‘आज दिवस मऊ आहे’ असे म्हणावे लागते. पुढचे संभाषण तो चालवील. तेवढा वेळ आपल्या चार दिवसांत शिल्लक ठेवावा.